न जुंपलेला बैल

साहेब, तुम्ही माझ्या मायला भर सभेत मेलेलं ढोर ओढायला लावलं. तुमच्या हातात माईक होता, चेहऱ्यावर हसू होतं, आणि समोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी माय मथुराबाई, सत्तरी ओलांडलेली बाई, पहिल्या रांगेत पांढरं लुगडं नेसून बसली होती. तिनं उभ्या जन्मात मेलेल्या जनावराला बोट लावलेलं नाही. तिच्या सासऱ्यानं लावलं होतं, आणि सोडलं होतं. सोडताना काय सोसावं लागलं ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही एका दमात ती दोरी परत तिच्या हातात दिली.

तुम्ही विसरला असाल. तुमचे रोजचे कार्यक्रम, रोजचे हार. म्हणून पहिल्यापासून सांगतो. ऐकायचा कंटाळा येईल. मलाही सांगायचा आलाय.

मी अश्वजित. ढाणकीत राहतो. विजेच्या मीटरचं रीडिंग घेतो, कंत्राटावर. उन्हातान्हात दारोदार जायचं, मीटरचा फोटो काढायचा आणि शिव्या खायच्या. बिल मी बनवत नाही, पण बिलाला तोंड माझंच. पाहुण्याला पाणी विचारणारी माणसं मीटरवाल्याला विचारत नाहीत. आता नवे मीटर आलेत, ते आपलं रीडिंग आपणच पाठवतात. कंत्राटदाराला आमचं काय होणार म्हणून विचारलं तर तो म्हणतो, पाहू. तर असं आहे. संध्याकाळी घरी येतो तेव्हा टाचा पेटलेल्या असतात. कोमट पाण्यात पाय घालून बसतो आणि मांडीवर कागद घेतो.

कागदावर मी मेलेल्या काळातली जनावरं काढतो. कायले, म्हणून विचाराल तर उत्तर नाही. कोणी भजनाला जातो, कोणी पत्ते कुटतो, कोणी पितो. मी पेन्सिल घेतो. लांब मानेचे डायनासोर काढले, जमिनीला टेकणाऱ्या सुळ्यांचे हत्ती काढले, पाणघोडे काढले. आपल्याकडच्या नद्यांत एके काळी पाणघोडे डुंबत होते हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा पुलावर थांबून खालच्या डबक्याकडे बराच वेळ पाहत राहिलो होतो. कोणी शिकवलं नाही. जुनी पुस्तकं आणि मोबाईल, एवढंच. पैसे कधी मिळाले नाहीत, मागितलेही नाहीत. दिवसभर दुसऱ्याच्या घरचे आकडे पाहिलेल्या डोळ्यांना दुसरं काहीतरी पाहिजे असतं.

त्या बैलाचं शिंग मी काचेच्या पेटीत पाहिलं. मायच्या चष्म्यासाठी जिल्ह्याच्या गावाला गेलो होतो. चष्मा तयार व्हायला वेळ होता म्हणून एका कॉलेजात शिरलो. तिथं पेटीत दगड झालेलं शिंग ठेवलेलं. पैनगंगेच्या वाळूत सापडलेलं. बुडाशी माझ्या पोटरीएवढं जाड. भूगर्भशास्त्र शिकवणारे पूनमसिंग सर तिथंच उभे होते. मला एकटक पाहताना पाहून म्हणाले, "रानटी बैल होता. खांद्याशी तुमच्या डोक्याच्या वर जाईल एवढा. माणूस शेती करायला लागला त्याच्या कितीतरी आधीचा."

माय बाजूला उभी होती. म्हणाली, "एवढ्या मोठ्या बैलाले वैरण कोण पुरवत असन जी?"

"कोणी नाही, माय. स्वतःचं स्वतः चरायचा," सर म्हणाले.

"बरं होतं मंग त्याचं," ती म्हणाली, आणि आम्ही चष्मा घ्यायला गेलो.

तो हिवाळाभर मी तो बैल काढत होतो. चित्र झालं तेव्हा मला वाटलं, जमलं. दीपा, माझी बायको, ब्लाऊज शिवत बसली होती. मशीन थांबवून तिनं पाहिलं.

"हा बैल थकलेला दिसते," ती म्हणाली.

"काहून?"

"मान पाहा ना त्याची. आत्ताच जू काढून आणल्यासारखा उभा हाये." मग ती जवळ आली आणि हसायला लागली. "अन् नाकात वेसणीचं भोक बी काढलं तुम्हीनं. त्या टायमात कोणं टोचलं जी याचं नाक?"

मी पाहिलं. खरंच होतं. मानेवर जुवाचा घट्टा होता. मान खाली आलेली, डोळे अर्धे मिटलेले, नाकपुडीत भोक. मी ते मुद्दाम काढलं नव्हतं, हातानं आपोआप काढलं होतं. माझ्या आयुष्यात मी न जुंपलेला बैल पाहिलाच नव्हता. लाखो वर्षांपूर्वीचा रानटी बैल काढायला बसलो आणि ढाणकीच्या बाजाराच्या दिवशी गाडीला असतो तो बैल काढून ठेवला.

मग मी न जुंपलेला बैल शोधू लागलो. रीडिंगच्या निमित्तानं प्रत्येक गोठ्यात डोकावायचो. लोकांना वाटे मी चोरीची लाईन शोधतोय. देवाला सोडलेला एक पोळ बाजारात फिरतो, पण तो गुळावर आणि भाजीवर इतका सुटलाय की चालतानाही दम खातो. रानातल्या रोह्यांची, म्हणजे नीलगाईंची, मान पाहिली. ओझं न वाहिलेली मान कशी असते ते थोडं कळलं. पण रोही म्हणजे बैल नाही. खांदा कसा बसतो ते कळेना. फोनवर पूनमसिंग सर म्हणाले, "कातड्यावर विश्वास ठेवू नका. आतून सुरू करा. हाडं पाहा."

आता हे नीट ऐका साहेब, कारण तुम्ही माईकवर याच्याच उलट बोललात. माझ्या घरात दोन पिढ्या कोणालाच हाड माहीत नाही. माझ्या आज्याला माहीत होतं. त्यानं ते माझ्या बापाला शिकवलं नाही, मुद्दाम शिकवलं नाही. मी एकेक हाड मोबाईलवर पाहून, नाव पाठ करून, विसरून, परत पाठ करून शिकलो. एखाद्या परदेशी माणसाला शिकावं लागेल तसं.

विठ्ठलराव आमच्या भागातले शेतकरी. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. त्यांच्या पंपाचं मीटर पाहायला गेलो की हमखास ओरडतात, "मीटरवाला आला रे, बैलं लपवा. बैलाईलेबी मीटर लावन हा." माझं हाडांचं वेड त्यांना माहीत होतं. उन्हाळ्यात त्यांचा फोन आला.

"अश्वजित, तू हाडं हाडं करत फिरत होता ना गा? ये. हिऱ्या वर आला."

"कोण हिऱ्या?"

"माहा बैल बे. शेततळं खणून राह्यलो, तर जेसीबीनं त्यालेच काढलं."

हिऱ्याला त्यांनी शेताच्या बांधाशी, धुऱ्याजवळ, मीठ घालून पुरलं होतं. पुष्कळ वर्षं झाली होती. मी गेलो तेव्हा विठ्ठलराव मातीच्या ढिगावर बसून कवटीच्या कपाळावरची माती अंगठ्यानं पुसत होते. हाडं स्वच्छ, पिवळट, कोरडी. पावसात धुतलेल्या लाकडासारखी.

"माह्या बापाच्या मयतीचं लाकूड यानंच वाह्यलं," ते म्हणाले. "लेजा तुले काय पाह्यजे ते. पण परत आणून दे. तळ्याच्या बाजूले, याच धुऱ्यावर पुरतो."

"देतो."

"अन् माह्या पंपाचं बिल कमी कर."

"बिल मी नाही करत, विठ्ठलराव."

"मंग तू करतं तरी काय?"

खताच्या रिकाम्या पोत्यात मी खांद्याचं पसरट हाड आणि पुढच्या पायाची हाडं भरली. गाडीला पोतं बांधताना विठ्ठलरावांनी एकदम आवाज खाली आणला. "तुह्या घरी चालन का गा हे?"

मी म्हणालो, "चालन." मला वाटत होतं चालेल.

माय दारात तांदूळ निवडत बसली होती. पोतं गाडीवरून उतरवताना आतून आवाज आला. हाडावर हाड आपटल्याचा. तिनं सूप खाली ठेवलं.

"त्याच्यात काय हाय?"

"विठ्ठलरावच्या बैलाची हाडं हाय, माय. चित्रासाठी."

ती उठली नाही, ओरडली नाही. मी पोतं घेऊन पायरीपर्यंत आलो तशी तिनं हात आडवा केला, उंबऱ्यावर.

"तुह्या आज्यानं जे नदीत टाकलं, ते तू पोत्यात भरून आणतं का?"

माझा आजा उकंडा. बाबासाहेबांनी दीक्षा घेतल्याचं ऐकून इकडच्या गावागावांत माणसं उठली, तेव्हा आमच्या वस्तीनंही ठरवलं. यापुढे गावची मेलेली ढोरं ओढायची नाहीत. उकंडानं दोरी आणि सुरी पैनगंगेत टाकली. पाटलाचा बैल मेला, तीन दिवस तसाच पडून राहिला, वास सुटला, वस्तीतलं कोणी गेलं नाही. मग गावानं वस्तीची कामं बंद केली. गिरणीवाला दळण घेईना. बायका जात्यावर दळू लागल्या, आणि दळायला दाणे नव्हते तेव्हा नुसत्या बसू लागल्या. विहिरीच्या वाटेवर काटे टाकले. एक लहान मूल त्या उन्हाळ्यात गेलं, माझ्या बापाची बहीण. तिचं नाव घरात कोणी घेत नाही. पण कोणी परत दोरी धरली नाही. माय लग्न होऊन आली ती बऱ्याच वर्षांनी. सासऱ्यानं तिला पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं होतं, आणि म्हणाला होता, "पोरी, घरात काहीच नाही देण्यासारखं. हे एवढं हाय."

तिला एवढंच मिळालं होतं, साहेब, सासरी येऊन. दागिना नाही, शेत नाही. हे एवढं. ते तिनं साठवून ठेवलं होतं.

मी पोतं परत विठ्ठलरावांच्या गोठ्यात नेलं. रविवारी तिथं जायचो, बाजेवर हाडं मांडायचो आणि काढायचो. माय माझ्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पण ताट ठेवताना पाहायची नाही. विठ्ठलराव मध्येमध्ये येऊन बसत.

"हे काय गा, गाठी गाठी?" त्यांनी एकदा खुराच्या वरचं हाड उचलून विचारलं.

"ओढून ओढून होते असं. वजन पडलं की हाड बाजूनं वाढते."

त्यांनी ते हाड तळहातावर फिरवलं. "म्हणजे जू काढलं तरी हे राह्यलंच," ते म्हणाले, आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

मला दीपाचं बोलणं तेव्हा पुरतं कळलं. राबणं फक्त मानेवर नसतं. कातडं गळून गेलं, मांस मातीत गेलं, तरी हाडात राहतं. मला हिऱ्याचं हाड पाहून हिऱ्या काढायचा नव्हता. हिऱ्याच्या हाडातून हिऱ्याचे कष्ट वजा करायचे होते. गाठी वजा, वाकलेपण वजा, पसरलेले खूर वजा. जे उरेल तो माझा बैल. हे काम सोपं नाही. कितीतरी कागद फाडले. प्रत्येक वेळी तो कुठूनतरी थकायचाच.

मृगाच्या आधी एक दिवस मायनं ताट ठेवलं आणि गेली नाही. समोर बसली.

"कायले पाह्यजे तुले ते?"

मी कागद आणून दाखवला. पुरा झाला नव्हता, खांदा आणि मान तेवढी होती. "हा बैल हाय, माय. तू शिंग पाह्यलं होतं ना पेटीत? हा कोणी जुंपला नाही. त्या टायमात जू नव्हतं, वेसण नव्हती. मले तसाच काढाचा हाय. घरचे बैल पाहून नाही जमून राह्यलं, म्हणून हाडं पाहून राह्यलो."

तिनं नवा चष्मा लावून पाहिलं.

"मालक नव्हता त्याले?"

"नाही."

"मेला तवा कोणं ओढलं?"

"कोणी नाही. मेला तिथंच राह्यला. मंग पूर आला, नदीनंच नेलं."

तिनं कागद उजेडाकडे वळवला. बाहेर दीपाची मशीन चालू होती. मग माय म्हणाली, "आण मंग. पण अंगणात ठेवाचं नाही. पोत्यात ठेवाचं नाही. त्या टेबलावर ठेव, पुस्तकाच्या बाजूले. अभ्यासाची चीज हाय तं अभ्यासाच्या जागी राह्यली पाह्यजे. वस्तीतलं कोणी आलं तं त्याले दिसलं पाह्यजे का हा पोट्टा शिकून राह्यला."

असं आलं खांद्याचं ते हाड आमच्या घरात. टेबलावर, बाबासाहेबांच्या फोटोखाली, शब्दकोशाच्या शेजारी. माय रोज सकाळी टेबल पुसायची, हाडाच्या भोवतीनं. हाडाला हात नाही लावायची. शेजारची सुखीबाई एकदा दारातून म्हणाली, "मथुराबाई, हे काय वो घरात?" तर मायनं चष्मा सरळ करून सांगितलं, "खांद्याचं हाड हाय ते. इथं मान बसते, इथं पाय. अश्वजितले विचार, तो सांगते." मी आतल्या खोलीत होतो. मी बाहेर आलो नाही.

बैल पुरा झाला. मोठे कागद चिकटवून खऱ्या मापात काढला, पेन्सिल आणि कोळसा. डोकं वर. वशिंडाला हाड नसतं, ते मातीत उरत नाही, त्यामुळे ते किती काढायचं हे माझ्यावर होतं. मी थोडंसंच काढलं. दीपानं पाहिलं, मशीनवरून उठून मागं गेली, परत पुढं आली. म्हणाली, "आता याच्या जवळ जायचं भेव वाटते." तेवढं मला पुष्कळ होतं, साहेब. मी इथंच थांबायला पाहिजे होतं.

पूनमसिंग सर ढाणकीला आले, चित्र पाहिलं आणि तुमच्या लोकांशी बोलले. त्यांचा हेतू चांगला होता. जिल्ह्याच्या गावी तुमच्या ऑफिसच्या हॉलमध्ये नदीत सापडलेल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, कॉलेजातलं ते शिंगही तिथं येणार होतं. शिंगाच्या मागं माझा बैल लावायचा ठरलं. आमंत्रण आलं. माय म्हणाली, मले बी याचं हाय. एवढ्या लांब बसनं, एवढ्या वयात. ठेवणीतलं लुगडं काढलं.

कार्यक्रमाआधी चहाच्या खोलीत तुम्ही मला जवळ बोलावलं. आठवतं का पाहा. "छान, छान. नाव काय आपलं?" मी नाव सांगितलं, बापाचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "पुढं?" मी आडनाव सांगितलं. "ढाणकीत कोणत्या बाजूला?" मी म्हणालो, बुद्धविहाराच्या मागं. तुम्ही म्हणालात, "अच्छा, अच्छा." आणि बिस्कीट चहात बुडवलं. चित्राबद्दल तुम्ही एकही प्रश्न विचारला नाही. किती दिवस लागले नाही, पेन्सिल कोणती नाही, बैल कोणता नाही.

मग स्टेजवर तुम्ही जे बोललात ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "मंडळी, हा कलाकार कोणत्याही कॉलेजात शरीरशास्त्र शिकलेला नाही. त्याची गरजच काय? यांच्या तर रक्तातच ते आहे. पिढ्यानपिढ्या गावची मेलेली जनावरं ओढायची, सोलायची, हाडं वेगळी करायची. त्याच हातांनी आज हा बैल पुन्हा उभा केला. यालाच म्हणतात आपलं पारंपरिक ज्ञान."

टाळ्या झाल्या. माझ्या अंगावर तुमची शाल, हातात नारळ. मी मायकडे पाहिलं. ती तिच्या हातांकडे पाहत होती. दोन्ही हात मांडीवर उलटे करून, तळवे वर, जसं काही त्यांना काही लागलंय का ते पाहावं. मी माईककडे गेलो. निवेदन करणाऱ्या बाईंनी तोवर पुढच्या पाहुण्याचं नाव घेतलं होतं, आणि कोणीतरी माझ्या कोपराला धरून मला खुर्चीवर बसवलं. अगदी आदरानं.

जेवण ठेवलं होतं. माय जेवली नाही. पूनमसिंग सर तिच्याजवळ आले आणि पाण्याचा ग्लास धरून उभे राहिले.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. महागावला गाडी थांबली, शेंगदाणेवाला चढला, उतरला.

"अश्वजित."

"हं."

"त्याले कोणं सांगतलं?"

"काय?"

"आपल्या घरचं. उकंडाबाचं. ओढाचं."

"कोणीच नाही सांगतलं, माय. त्यानं आडनाव विचारलं, मोहल्ला विचारला. तेवढ्यावरून बोलला तो."

तिनं मान हलवली, नाही म्हणून. "एवढा शिकलेला माणूस. एवढ्या मोठ्या खुर्चीवरचा. तो नुसता आडनावावरून असा बोलन व्हय? शिकलेला माणूस असा नाही बोलत."

"बोलते, माय."

"नाही. तूच सांगतलं असशीन." ती हे रागानं बोलली नाही, दमलेल्या आवाजात बोलली. "लोकाईले आवडते असं आयकाले. गरिबाचं, जुनं, घाणीतलं. तुले वाटलं असन, सांगतलं तं चित्राले भाव येईन. शाल भेटन."

मी शपथ घेतली. तिनं हात माझ्या तोंडावर ठेवला, शपथ नको म्हणून. मग तो हात पदराला पुसला. मला पुसला की नुसताच पुसला, ते कळलं नाही.

साहेब, या बाईला एकच गोष्ट खरी वाटते, शिकलेला माणूस नीट वागतो ही. याच गोष्टीवर तिनं आम्हाला शिकवलं. दुसऱ्यांच्या शेतात निंदताना तिच्या डोक्यात हेच होतं. आता माझं खरं मानायचं म्हणजे तिला ही गोष्ट सोडावी लागते. आणि ती सोडायची नाही म्हणून तिनं मला सोडलं. तिच्या लेखी आता आम्हा दोघांपैकी एक खोटा आहे, आणि तो तुम्ही असूच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ते हाड देऊन ये. मी देऊन आलो. विठ्ठलरावांनी खड्डा आधीच केला होता. मूठभर मीठ टाकलं, माती ओढली.

"कार्यक्रम कसा झाला गा?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते फावड्यावर रेलून ऐकत राहिले.

"बैल माहा," ते म्हणाले, "हाड माह्या बैलाचं, चित्र तुह्यं. याच्यात तुह्या आज्याले काहून आणलं त्यानं?"

याचं उत्तर तुम्हाला येत असेल तर द्या.

पुढं पूनमसिंग सरांनी फोटो पाठवला. चित्राखाली नवी पाटी लागली होती, पारंपरिक ज्ञानातून साकारलेला बैल म्हणून. ती काढा म्हणून सांगायला मी कामाचा दिवस बुडवून तुमच्या ऑफिसात आलो. तुम्ही भेटला नाहीत. तुमच्या माणसानं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "साहेबांनी कौतुकच केलं ना तुमचं? लोकं तरसतात कौतुकासाठी. तुम्ही राग काहून करून राह्यले?" त्या बिचाऱ्याला खरंच कळत नव्हतं. मी पाणी प्यायलो आणि परत आलो.

तेव्हापासून काही काढलं नाही. टेबलावर एक सुळेवाला हत्ती अर्धा पडलाय, मागचे पाय व्हायचेत. संध्याकाळी पाय पाण्यात घालतो, कागद घेतो, पेन्सिल टेकवतो आणि ठेवून देतो. माय त्या खोलीत येत नाही. टेबल आता दीपा पुसते. ताट येतं, पण माय पाहत नाही. आधीही नव्हती पाहत, पण तेव्हा ती माझ्यावर रागावली होती. आता रागावलेली नाही.

बैल अजून तुमच्याकडे आहे. राहू द्या. त्याचं डोकं वर आहे, त्याला तुमच्या पाटीनं फरक पडत नाही. पाटी काढा किंवा नका काढू, मी आता त्यासाठी येणार नाही, दमलो. शाल परत पाठवली, ती मिळाली असेल.

मला एकच पाहिजे. तुमची गाडी आहे, ड्रायव्हर आहे. ढाणकीला या. बुद्धविहाराच्या मागं, निळ्या दाराचं घर, विचारलं तर कोणीही दाखवेल, तुम्हाला जागा माहीतच आहे. माय दारात बसलेली असते. तिच्यासमोर उभं राहून तिच्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. माफी नको, भाषण नको. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत विचारतो.

तुम्हाले कोणं सांगतलं? मी सांगतलं, का तुम्ही आडनाव आयकून बोलले? बोला, साहेब. ती वाट पाहून राह्यली.